बिनदाखल्याची गाडी

"पाच हजार दंड, एवढेच ना? भरून टाकू." आपल्याकडच्या बहुतेक चर्चा अलीकडे या एका वाक्यापाशी येऊन थांबतात. गच्चीवर चढवलेला बेकायदा मजला असो, वरातीतला कर्णा असो, नाहीतर बिननंबरची गाडी असो. कायद्याचे काय, असे विचारले की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. कायदा म्हणजे बाजारातल्या भावाची पाटी. भाव परवडला की व्यवहार झाला! हुबळीच्या दाजीबानपेठेत गेले दोन महिने अशाच एका गाडीवरून खल चालला आहे. त्या वादात मी तटस्थ नाही, तसा आवही आणत नाही. ती गाडी घेऊ नये असे माझे मत आहे, आणि ते मांडताना गाडी विकणाऱ्याबरोबर सरकारचीही थोडी हजेरी घ्यावी लागणार आहे.

गाडी अशी आहे. मूळची जीप, लष्करी लिलावातली म्हणतात. चासी मधोमध कापून, तुकडा घालून लांबवलेली. बॉनेट नाहीच, इंजिन उघडे, आणि तेही जीपचे नव्हे, एका मोठ्या प्रवासी गाडीचे. मागची चाके पुढच्यांच्या दीडपट रुंद. दोन्ही अंगांनी सायलेन्सरच्या नळ्या वर आलेल्या. रंग तांबडा, त्यावर पिवळ्या ज्वाळा. असल्या गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या कृपेने हा शब्द आता तुळजाभवानीच्या देवळामागच्या बोळातल्या पोरांनाही पाठ झाला आहे. सीमेपलीकडच्या एका गॅरेजात ती बांधली गेली. किंमत सव्वाचार लाख, रोख. नंबर नाही, आर.सी. बुक नाही, विमा नाही. घेऊ पाहणारा आमच्या पेठेतल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, वय तीस. दोन मुलांचा बाप आहे. हौस आहे, चार पैसेही आहेत.

विकणाऱ्या मिस्त्रींनी त्याला तीन आश्वासने दिली आहेत. पहिले, "कागद बसवून देऊ." दुसरे, "नाहीतर शेतावर चालवा, तिथे कोण विचारतो?" तिसरे, "अडवलेच तर पाच हजार." या तिन्हींचा समाचार क्रमाने घेणार आहे. पण त्याआधी या हॉट रॉडची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण पेठेतली अर्धी भुरळ त्या नावाचीच आहे.

फोर्डची मॉडेल टी ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघाली. पुढे मंदीच्या दिवसांत जुन्या मोटारी भंगाराच्या भावाने मिळू लागल्या, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड, टप, बॉनेट काढून टाकून त्या हलक्या केल्या. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे स्वस्त इंजिन आणले तेव्हा तर त्यांना घबाडच मिळाले. म्यूरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट पात्रात ही पोरे गाड्या पळवीत. पुढची गोष्ट मात्र व्हिडिओवाले सांगत नाहीत. रस्त्यांवर या गाड्यांनी उच्छाद मांडला, लोक चिडले, तेव्हा त्याच छंदातल्या जाणत्या मंडळींनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन नावाची संस्था उभी केली आणि शर्यती रस्त्यावरून उचलून बंदिस्त धावपट्टीवर नेल्या. गाडी तपासल्याशिवाय धावपट्टीवर सोडायची नाही, हा नियम गाडीवेड्यांनीच गाडीवेड्यांना लावला. आज कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या गाडीची रीतसर नोंदणी होते. दरवर्षी अशा पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या चाचणीत खास सवलतही मिळते. इंग्लंडमध्ये एकेकटी गाडी तपासून मान्य करण्याची सरकारी पद्धत आहे. म्हणजे ज्या देशांतून ही हौस आली, तिथे तिच्यासाठी दार आहे. आपण ज्वाळांचे चित्र आणले. दार तिकडेच राहिले.

आता आपल्याकडचा कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे ३९ वे कलम सांगते की नोंदणीशिवाय कोणतीही गाडी सार्वजनिक जागी चालवायची नाही, आणि मालकाने चालवू द्यायचीही नाही. हे सर्वांना माहीत असते. माहीत नसते ते असे की या गाडीची नोंदणी "राहून गेलेली" नाही. ती होऊच शकत नाही. नव्या गाडीच्या नोंदणीला विक्रीचा दाखला लागतो, नमुना २१. त्याच्या जोडीला कारखान्याने दिलेला नमुना २२ लागतो: ही गाडी कायद्यातल्या सगळ्या अटी पुऱ्या करते, असे लिहून दिलेला. आणि कारखान्याला तो देता यावा म्हणून त्या जातीच्या गाडीचा पहिला नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत आधी तपासला गेलेला असतो. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग सगळे. आमच्या मिस्त्रींचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन आणि दोन पोरे. नमुना २२ वर सही कोण करणार?

बरे, मूळ जीपचे कागद असते तरी? तरीही नाही. कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या तपशिलापासून फारकत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळातल्या एका खटल्यात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी उघड करून सांगितले. इंजिन खलास झाले तर त्याच जातीचे दुसरे, परवानगी काढून, बसवता येते. जीपमध्ये परजातीचे इंजिन आणि कापलेली चासी बसत नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ अ आले. मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. "दर बदलामागे" हे शब्द पाच हजारवाल्यांनी पुन्हा एकदा वाचावेत. इंजिन एक, चासी दोन, चाके तीन, सायलेन्सर चार... बोटे आणि पैसे दोन्ही मोजून होतील.

काहींनी तोडगा काढला की जुनी म्हणून नोंदवू. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय झाली हे खरे. त्यांना 'व्हीए' अक्षरांची नंबरपाटी मिळते, नोंदणीची फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे जी जीप न कापता जपून ठेवली असती तर मानाने मिरवली असती, ती कापून मिस्त्रींनी तिचा तोही हक्क घालवला.

तर मग "कागद बसवून देऊ" याचा अर्थ काय? हाच खरा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

शाळेच्या कचेरीत एक लांबलचक बांधीव पुस्तक असते, जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, आईबापांचे नाव, जन्मतारीख, कुठून आला, कधी गेला याची नोंद असते आणि त्यावरूनच शाळा सोडल्याचा दाखला निघतो. दर जूनमध्ये कोणी ना कोणी बाप येतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "सर, तेवढी तारीख एक वर्ष अलीकडची करून द्या." कधी भरतीसाठी, कधी खेळाच्या स्पर्धेसाठी, कधी मुलीच्या लग्नासाठी. शेवटच्या कारणाला तर मी त्या बापाला खुर्चीही देत नाही. रजिस्टरातली एक खाडाखोड म्हणजे शाईचा एक फराटा असे त्याला वाटते. पण त्या फराट्यावर पुढे नोकरी उभी राहते, निवृत्तिवेतन उभे राहते. आणि एका मुलाची तारीख खोटी निघाली की त्या वर्षीच्या सगळ्या दाखल्यांवर संशय येतो.

गाडीचे "कागद बसवणे" हेच आहे, फक्त शाईऐवजी ग्राइंडर. भंगारात निघालेल्या एखाद्या जीपचे आर.सी. बुक मिळवायचे. तिच्या चासीवरचा आकड्यांचा तुकडा कापून या चासीवर जोडायचा, किंवा या चासीवरचा नंबर घासून तो नंबर ठोकायचा. मेलेल्या गाडीच्या नावाने जिवंत गाडी हिंडवायची. हा बदल नव्हे, ही बनावट आहे, आणि तिचा हिशेब मोटार कायद्यात होत नाही, फौजदारीत होतो. शिवाय हे परजातीचे इंजिन आले कुठून? त्याचे बिल मिस्त्रींकडे नाही. ते चोरीच्या गाडीतले नसेलही. पण ते तसे नाही हे ठाण्यात बसून सांगायची पाळी माझ्या विद्यार्थ्यावर येईल, कारण गाडी त्याच्या दारात असेल. मिस्त्री तर "मी फक्त जोडकाम केले" म्हणून मोकळा. गंमत अशी की गाडी नोंदलेलीच नसल्यामुळे मालकी हस्तांतराचा कागदही नाही. सव्वाचार लाख मोजूनही तो कोणत्याच वहीत मालक म्हणून लागणार नाही. मात्र जबाबदार म्हणून लागेल.

दुसरे आश्वासन शेताचे. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. कुंपणाच्या आत, जिथे लोकांचा राबता नाही तिथे, आपली गाडी आपण फिरवावी. त्याला ३९ वे कलम आड येत नाही. प्रश्न इतकाच की दाजीबानपेठेतल्या कापडवाल्याचे शेत कुठे आहे? आणि असलेच तर गाडी तिथे कशी जाणार? ट्रकवर घालून न्यावी लागेल, ट्रकवर घालूनच आणावी लागेल. ज्वाळा काढलेली गाडी ट्रकवर चढवून ज्वारीच्या रानात नेणारा हौशी माणूस मी अजून पाहिलेला नाही. हौस असते ती दुर्गदबैलात माणसे वळून बघतात त्याची. शेताचे नाव घेऊन गाडी घ्यायची आणि पहिल्याच रविवारी पोरांना बसवून धारवाडच्या रस्त्याला लागायचे, हे घडणार हे मिस्त्रीला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक आहे, आणि बोळातल्या पोरांनाही.

आता तिसरे, पाच हजारांचे. नोंदणी नसलेली गाडी चालवली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड. पुढच्या वेळी पाच ते दहा हजार किंवा वर्षभरापर्यंतची कैद. विमा नसल्याबद्दल वेगळे दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार. शिवाय कलम २०७ प्रमाणे गाडी अडकवून ठेवता येते, आणि सोडवायची तर कागद दाखवावे लागतात. जे नाहीतच ते काय दाखवणार? तेव्हा पाच हजारांचा हिशेब पहिल्या नाक्यापर्यंतच टिकतो. पण मी याही हिशेबात शिरणार नाही, कारण दंड किती हा प्रश्नच चुकीचा आहे. दंड सरकारला जातो. ज्याला धडक बसली त्याला काय जाते?

तिसऱ्या पक्षाचा विमा कलम १४६ ने सक्तीचा केला आहे तो गाडीवाल्याच्या भल्यासाठी नाही. रस्त्यावरून चालणारी बाई, सायकलवरचा मुलगा, भाजीची गाडी ढकलणारा म्हातारा यांच्यासाठी तो आहे. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला न्यायाधिकरण जी भरपाई ठरवते ती लाखांत जाते, माणूस तरुण आणि मिळवता असेल तर बरीच पुढे. विमा असेल तर कंपनी देते. नसेल तर मालक देतो. म्हणजे द्यायला हवी. हातावरच्या गाडीवाल्याकडून ती वसूल होत नाही, आणि कापड दुकानदाराकडून झाली तर दुकान जाते. विमा नसलेल्या गाडीखाली सापडलेल्यांचे हाल पाहून सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की अशी गाडी सोडू नका. भरपाईची हमी मिळाली नाही तर ती विकून पैसा न्यायाधिकरणात भरा, असे नियम करा. आता कल्पना करा: या तांबड्या गाडीचा लिलाव निघाला. नोंदणी होत नाही, म्हणजे रस्त्यासाठी कोणी घेणार नाही. भंगाराचा भाव येईल. एका घराच्या कर्त्या माणसाची किंमत लोखंडाच्या किलोवर!

कोणी म्हणेल, सर, तुम्ही अपघाताआधीच तेराव्याला बसलात. तसे नाही. ही गाडी कशी थांबेल ते जरा पाहा. जीपचे ब्रेक जीपच्या वजनाला आणि जीपच्या वेगाला बेतलेले असतात. इंजिन बदलले म्हणजे वेग वाढला. ब्रेक मात्र तेच. आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मांडून दाखवले: वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकला गिळावी लागते. त्यात चासी जोडाची. वेल्डिंग वरून कितीही गुळगुळीत दिसले तरी आत किती भिनले आहे हे डोळ्याला कळत नाही. खड्ड्यात आदळून आदळून जोड थकतो आणि एक दिवस सुटतो. मिस्त्रींचा हात चांगला आहे, मान्य. पण "हात चांगला आहे" हे प्रशस्तिपत्र झाले, चाचणी नव्हे. मी कोणत्याही मुलाला "हुशार दिसतो" म्हणून दहावी पास करत नाही.

आणि रस्ते कोणते, तर आपले. हुबळी-धारवाडचा तो बाह्यवळण मार्ग आठवा. १५ जानेवारी २०२१ च्या सकाळी दावणगेरेच्या जुन्या मैत्रिणी संक्रांतीच्या दिवसांत गोव्याला निघाल्या होत्या. इटिगट्टीजवळ त्यांची गाडी आणि टिपर समोरासमोर आले आणि दहाच्या वर जीव गेले. धड रुंदी नसलेल्या त्या पट्ट्यावर कागदोपत्री धडधाकट गाड्यांचे हे झाले. तिथे न तपासलेली गाडी घेऊन उतरायचे, आणि खंडेनवमीला तिच्यापुढे कोहळा फोडला आहे, चाकाखाली लिंबे ठेवली आहेत, म्हणून निर्धास्त राहायचे! माझा कोहळ्याला विरोध नाही. पण कोहळा भरपाई देत नाही.

इथवर आले की कट्ट्यावरून हुकमी पान टाकले जाते: "आणि तो देवराष्ट्र्याचा लोहार?" ही गोष्ट आमच्या भागात अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच अशी आहे. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि चालू करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि ती लोकांच्या मोबाइलवर पोचली. कौतुक सगळ्यांनी वाचले. त्याच दमात महिंद्रांनी काय म्हटले होते ते किती जणांच्या लक्षात आहे? ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर येऊ देणार नाहीत, असेही त्यांनी लिहिले होते. म्हणून तर तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिली गेली. लोहारांची जीप कंपनीच्या संग्रही जायची आणि त्यांच्या घरात नोंदणी झालेली, विमा उतरलेली गाडी यायची, असा तो व्यवहार. म्हणजे कट्टेकरी ज्या दाखल्याने ती तांबडी गाडी घ्या म्हणतात, तोच दाखला घेऊ नका म्हणतो. आणि आणखी एक फरक आहे. लोहारांनी ती जीप पोराच्या हौसेसाठी स्वतःच्या हाताने घडवली. "कागद बसवून देऊ" म्हणून कोणाच्या गळ्यात मारली नाही.

या मुलखाला कारागिरीचे नवल नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते. नांगर पडून राहिले. किर्लोस्करांनी फाळ सुधारला, थांबले, शेतकऱ्याच्या रानात सिद्ध करून दाखवला आणि मग विकला. देवराष्ट्रे त्या किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांचे उदाहरण तर याहून नेमके. फारसे शिक्षण नसलेल्या या माणसाने १९४९ साली सामान्यांना परवडेल अशा छोट्या मोटारीचा पहिला नमुना केला, तिचे नाव 'मीरा'. पुढची पंचवीस-तीस वर्षे तो एकामागून एक सुधारित नमुने काढत राहिला, रीतसर नंबर घेऊन ती गाडी रस्त्यावर हिंडवत राहिला, आणि कारखान्याच्या परवानगीसाठी सरकारचे उंबरे झिजवत राहिला. परवानगी मिळाली नाही. मारुती-सुझुकीचे दिवस आले आणि मीरा संपली. माझा राग मिस्त्रीवर आहे त्याहून काकणभर जास्त या ठिकाणी आहे. तो माणूस चाचणीला भीत नव्हता, मागत होता!

सरकारची हजेरी घेतो म्हणालो होतो, ती हीच. आज स्वतःच्या हाताने एकच गाडी बांधणाऱ्याला आपल्या कायद्यात जागाच नाही. कारखाना असशील तर ये, नाहीतर चालता हो. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन लावून लोक 'जुगाड' हाकतात. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही मोटार वाहनच ठरवले, नोंदणी आणि विमा लागेल म्हणून सांगितले. बरोबर सांगितले. पण नोंदणी कशी करायची, याचे झेपेल असे दार कुठे आहे? दुसरीकडे आपल्याच सीमाभागात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना, रिफ्लेक्टर नसताना बिनघोर चालतात. साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यांना कोणतेच कलम आडवे येत नाही. तेव्हा कट्ट्यावरचे तरुण "कायदा फक्त आमच्या हौसेला का?" असे विचारतात, त्यांना गप्प बसवणारा मी नाही. प्रश्न रास्त आहे. मात्र ट्रॉलीला दिवा नाही म्हणून आपल्या गाडीला ब्रेक नसला तरी चालेल, हे त्याचे उत्तर होत नाही. "इरलि बिडरी" म्हणून दोन्ही सोडून द्यायची आपली सवय मात्र फार जुनी आहे.

मागायचे ते नेमके मागावे. एकेकटी, हाताने बांधलेली गाडी तपासून नोंदवण्याची वेगळी वर्गवारी कायद्यात हवी. चासीचा जोड, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर तपासा, फी घ्या, वर्षाला किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्यावर याची मर्यादा घाला, विमा सक्तीचा करा, आणि प्रत्येक सुट्या भागाचे बिल मागा, म्हणजे चोरीचा माल आपोआप गळेल. तपासणारे हात आपल्याकडे आहेत. अभियांत्रिकीची पोरे 'बाहा' स्पर्धेसाठी स्वतः नळ्या वाकवून, जोडून बग्गी बांधतात. त्या बग्गीची आधी कसून तपासणी होते, नापास झाली तर तिला धावायला मिळत नाही, आणि धावते तीही बंदिस्त आवारात. या मंडळींच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे एक गाडी तपासायला पुण्याचे विमान लागत नाही.

ते होईपर्यंत माझ्या विद्यार्थ्याला सांगितले ते असे. सव्वाचार लाख हातात आहेत ना? मग नंबर असलेली, आर.सी. बुकावरचा चासी नंबर आणि चासीवरचा चासी नंबर एकच असलेली जुनी जीप शोध. आपल्या भागात अजून मिळते. मुदत संपलेली असेल तर फेरतपासणी करून घे, विमा उतरव, पाटे आणि ब्रेक नवे घाल. रंग तांबडा द्यायचा तर आधी आर.टी.ओ.त अर्ज करून दे. रंगाचीही नोंद असते. तो म्हणाला, "सर, पण ज्वाळा?" ज्वाळांना कलम कोणते ते मी अजून शोधतो आहे.

विसार द्यायची मुदत मिस्त्रींनी तुळशीच्या लग्नापर्यंत वाढवून दिली आहे असे कळते. त्यांच्याकडे इंजिनाचे बिल आहे का, एवढे विचारायला त्याला सांगितले आहे.